म्हशी वाहून गेल्या, शव सापडलं नाही. मग मदत मिळत नाही का?

प्रश्न : आम्ही माढा तालुक्यातले. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात आमच्या चार दुभत्या म्हशी वाहून गेल्या. दोघींची शवं सापडली, त्यांचे ७५ हजार जमा झाले. बाकीच्या दोघी सापडल्याच नाहीत, म्हणून पंचनाम्यात घेतल्या नाहीत. आलेले पैसेही बँकेने थकीत कर्जापोटी होल्ड केलेत. चारही म्हशींना बिल्ले होते. काय करावं?

उत्तर : ताई, त्या दोन म्हशींवरचा हक्क सोडू नका.

दुभत्या म्हशीला ३७,५०० रुपये हा दर राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांतला. त्यातली तीन जनावरांची मर्यादा राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ च्या पॅकेजमध्ये काढली, त्यामुळे चौथी म्हैसही बसते. निकषांना हवं असतं ते प्रत्यक्ष झालेलं नुकसान, सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित केलेलं. शव हा त्याचा एक पुरावा झाला, एकमेव नव्हे. पुराने नेलेली म्हैस मालकाने शोधून आणून दाखवावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

तुमचा मोठा पुरावा कानातला बिल्ला. १ जून २०२४ पासून बिल्ला नसेल तर आपत्तीत मेलेल्या जनावराची भरपाई नाही, असा नियम सरकारनेच केला. मग बिल्ल्यावरच्या त्याच बारा अंकी नंबरावरच्या नोंदी सरकारला मानाव्याच लागतील. पशुवैद्यकीय दवाखान्यातून चारही नंबरांच्या लसीकरणाच्या, रेतनाच्या नोंदी लेखी मागून घ्या. दुसरा पुरावा घरातच सापडेल : दूध संकलन केंद्राच्या पावत्या. पुराआधीची दहा-दहा दिवसांची बिलं काढा. रोजचं लिटर बघितलं की एवढं दूध दोन म्हशींचं नव्हे, हे कुणालाही कळेल. जोडीला म्हशी वाहून जाताना पाहिलेल्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं.

पण सगळ्यात आधी पंचनाम्याची प्रत हातात घ्या. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. त्यात "दोन म्हशी बेपत्ता" असं एक वाक्य जरी असलं, तरी तुमचं निम्मं काम झालं. मग तहसीलदारांकडे पुरवणी पंचनाम्याचा अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. अर्जात फक्त या दोनच म्हशी लिहा. भरीला एखादं रेडकू घालायचा सल्ला गावात मिळेल, तो ऐकू नका. खोट्या दाव्याला आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५२ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

बँकेचं वागणं तर सरळ चूक आहे. मदतीच्या रकमेतून कसलीही वसुली करू नये, असं मदतवाटपाच्या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. तो निर्णय जोडून शाखाधिकाऱ्यांना पत्र द्या, प्रत जिल्हाधिकाऱ्यांना. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करा, तिला फी नाही.

म्हशींच्या मदतीसाठी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात दावा लावू नका. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्याच कलम ७१ मुळे असे दावे तिथे चालत नाहीत; दाद मागायची ती उच्च न्यायालयातच. सोलापूर जिल्ह्यासाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, मुंबई गाठायची गरज नाही. मात्र त्याआधी तहसीलदारांचा नकार लेखी हवा. तोंडी नकारावर परत फिरू नका.