द्यागिलेवची मंडळी : रशियन बॅलेबद्दल तुमचे प्रश्न

‘बॅले रूस’ जर रशियन कंपनी, तर तिचं नाव पॅरिसशीच का जोडलेलं?

कारण रशियात तिचा एकही प्रयोग झाला नाही. ही सर्गेई द्यागिलेवची खासगी मंडळी. पहिला हंगाम मे 1909 मध्ये पॅरिसच्या शातले थिएटरात झाला, तेव्हाचे नर्तक रशियाच्या शाही नाट्यगृहांतून सुट्टीत आलेले. द्यागिलेव स्वतः ना नाचायचा ना नाच बसवायचा. माणूस हेरावा मात्र त्यानेच!

द्यागिलेवचा नृत्यरचनाकार फोकीन, त्याने नेमकं काय बदललं?

त्याच्या आधी शाही बॅलेचा जुना नृत्यरचनाकार पेटिपा, त्याचा जमाना. कथा इजिप्तची असो वा भारताची, नायिका तोच फुलारलेला आखूड झगा घालून बोटांच्या टोकांवर उभी. मिखाइल फोकीनला हे खटकायचं. 1907 मध्ये ‘युनिस’ या रोमन काळातल्या बॅलेसाठी त्याला नर्तिका अनवाणी हव्या होत्या, पण शाही रंगमंचावर ते चालणार नव्हतं. मग त्यांच्या तंग मोज्यांवर पायाची बोटं रंगवली गेली. त्याचाच बाहुल्यांवरचा बॅले ‘पेत्रुश्का’ (1911) बघाल तेव्हा पावलांकडे बघा. बिचाऱ्या पेत्रुश्काची पावलं आत वळलेली, मग्रूर मूरची बाहेर. दोन बाहुल्यांचे स्वभाव तिथेच कळतात.

1913 मध्ये पॅरिसला ‘बॅले रूस’च्या प्रयोगात प्रेक्षकांनी घातलेला गोंधळ संगीतकार स्त्राविन्स्कीच्या संगीतामुळे झाला की नर्तक-नृत्यरचनाकार निजिन्स्कीच्या नृत्यामुळे?

माझं मत नृत्याच्या पारड्यात. 29 मे 1913 ला ‘द राइट ऑफ स्प्रिंग’च्या पहिल्या प्रयोगात प्रेक्षक इतके ओरडत होते की निजिन्स्की विंगेत खुर्चीवर चढून नर्तकांना रशियनमध्ये मात्रा मोजून देत होता. हशा आणि शेरेबाजी पडदा वर जाण्याआधीच सुरू झाली होती, हे खरं. पण पुढच्याच वर्षी हेच संगीत पॅरिसमध्ये नुसतं मैफलीत वाजलं, तेव्हा लोकांनी स्त्राविन्स्कीला खांद्यावर घेतलं. आत वळलेली पावलं, वाकलेले गुडघे, जमिनीवर दणादण आदळणाऱ्या उड्या; कथकच्या प्रेक्षकाला पायाचा आवाज खटकणार नाही, पण बॅलेत उडी बिनआवाज उतरावी लागते. त्याच वर्षी निजिन्स्कीने ब्युनोस आयरिसमध्ये लग्न केलं, द्यागिलेवने त्याला काढून टाकलं आणि ती रचनाही बासनात गेली. 1920 मध्ये मंडळीचा पुढचा नृत्यरचनाकार मासीन, त्याला सगळं नव्याने बसवावं लागलं, कारण जुनं कुणाला धड आठवेना.

स्त्री नृत्यरचनाकार कुणीच नव्हती का?

होती की! निजिन्स्कीची धाकटी बहीण ब्रोनिस्लावा निजिन्स्का. या सगळ्यांत मला तीच सर्वात धीट वाटते. ‘ले नोस’ (1923) म्हणजे रशियन खेड्यातलं लग्न, पण आनंदसोहळा नव्हे. रंगीबेरंगी पोशाख तिने नाकारले. फक्त तपकिरी आणि पांढरा. साथीला चार पियानो, तालवाद्यं आणि गायक. नवरीच्या लांबच लांब वेण्या मैत्रिणी हातात धरतात, आणि एका क्षणी मुलींची डोकी एकावर एक रचून मनोरा उभा राहतो. नवरीचं मत कुणी विचारत नाही, हे एकही शब्द न बोलता कळतं. भावाच्या दंतकथेखाली ती झाकली गेली, याचा मला राग येतो.

आपल्याशी काही संबंध?

आहे, तो रशियन नर्तिका आन्ना पाव्लोव्हामुळे. ती द्यागिलेवकडे थोडाच काळ होती, पुढे स्वतःची मंडळी घेऊन जगभर फिरली. 1923 मध्ये लंडनला तिने उदय शंकरांकडून ‘राधा-कृष्ण’ बसवून घेतलं आणि त्यात राधा झाली. मुंबईत लीला सोखींनाही तिने भारतीय नृत्याकडे वळायला उत्तेजन दिलं. याच पुढे मादाम मेनका म्हणून गाजल्या आणि खंडाळ्याला त्यांनी नृत्यशाळा काढली.