नवीन सरकारी इमारतीत कुठली कलाकृती लावायची हे शहर नेमकं कसं ठरवतं? आणि नाही आवडली तर काढता येते का?

तुम्ही विचारलंय की पालिकेच्या नव्या इमारतीच्या लॉबीत जे भलंमोठं शिल्प आलंय ते कोणी पसंत केलं, पैसे कराचे तर आम्हाला विचारलं का नाही, आणि आता ते हलवता येईल का. मी म्युरल करतो, म्हणजे भिंतीवरची मोठी कामं, जास्त करून सिरॅमिकमध्ये. अशा कामांसाठी अर्ज करत असतो (बहुतेक वेळा नकारच येतो, तो विषय वेगळा) आणि निवड समितीतही बसलोय, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. शहरागणिक नियम बदलतात पण जिथे जिथे सरकारी इमारतींत कला लावायचा कार्यक्रम रीतसर चालतो तिथे त्याचा सांगाडा बराच सारखा असतो, तोच सांगतो.

लोकांना वाटतं पाच-सात कलेतली शहाणी माणसं एका खोलीत बसतात, फोटो बघतात आणि म्हणतात हे मस्त आहे, लावा. तसं बसतात खरं, पण समिती बसते तोवर बजेट किती, भिंत कुठली, मटेरियल काय चालेल, विषय काय, अर्ज कोणी करायचा हे सगळं लिहून झालेलं असतं. समितीच्या हातात उरतं ते त्या चौकटीत बसणाऱ्यांपैकी एक निवडणं. त्यामुळे शिल्प बघून तुम्हाला जो राग येतो तो बऱ्याचदा समितीवर नाही तर त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी कोणीतरी टाइप केलेल्या, कलाकारांकडून अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीवर यायला पाहिजे.

पैशापासून सुरू करू. बऱ्याच शहरांत नियम असतो की सरकारी बांधकामाच्या खर्चाचा ठराविक हिस्सा, साधारण एक टक्का, कलेसाठी बाजूला काढायचा. जर्मनीत ही कल्पना १९५० पासून आहे, फ्रान्सने १९५१ मध्ये शाळांच्या इमारतींपासून सुरुवात केली, अमेरिकेत १९५९ ला फिलाडेल्फिया पहिलं, मग १९७३ ला सिॲटल, न्यूयॉर्कने १९८२ मध्ये कायदा केला. ऐकायला सोपं वाटतं पण एक टक्का कशाचा, इथेच सगळी गंमत. जमिनीची किंमत धरायची का, फर्निचर धरायचं का, नुसत्या दुरुस्तीच्या कामाला नियम लागू होतो का? आणि इमारतीचा खर्च वाढला की सगळे आधी कुठे कात्री लावतात तर कलेला, कारण लिफ्ट कापता येत नाही आणि म्युरल कापता येतं. शिवाय पैसा त्या एका इमारतीला बांधलेला असेल तर पंपिंग स्टेशनला, जिथे कोणी जात नाही, तिथेही शिल्प येतं आणि वर्दळीच्या वाचनालयात येत नाही, म्हणून काही शहरं सगळा पैसा एका फंडात टाकतात आणि मग जिथे माणसं आहेत तिथे खर्च करतात. मला हे जास्त पटतं.

मग जाहिरात. ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकात फक्त तुमची आधीची कामं, बायोडेटा आणि थोडं लिखाण मागवतात, त्यातून तीन ते पाच जण शॉर्टलिस्ट करतात आणि त्या लोकांना मानधन देऊन या जागेसाठी डिझाइन करायला सांगतात. दुसऱ्यात सगळ्यांकडूनच थेट डिझाइन मागवतात, फुकट. दुसरी पद्धत मला अजिबात आवडत नाही, शंभर जणांनी फुकट काम करायचं आणि एकाला मिळणार. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्धाचं स्मारक असंच आलं, १९८१ च्या खुल्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका, नावं झाकलेली, नुसते नंबर, आणि जिंकली माया लिन नावाची एकवीस वर्षांची विद्यार्थिनी. आधीची कामं दाखवा म्हटलं असतं तर ती पहिल्या गाळणीतच बाहेर गेली असती. म्हणजे नावाजलेल्यांनाच काम मिळतं ही जी तक्रार असते ना, ती पहिल्या पद्धतीच्या बाबतीत खरी आहे.

तिसरा एक प्रकार म्हणजे स्पर्धाच नाही, कोणीतरी वजनदार माणूस थेट कलाकाराला गाठतो. शिकागोच्या सिव्हिक सेंटरसमोरचं पिकासोचं शिल्प असं आलं, इमारतीच्या आर्किटेक्टने जाऊन पिकासोला गळ घातली, पिकासोने एक लाख डॉलरचं मानधन घेतलं नाही, डिझाइन शहराला भेट म्हणून दिलं आणि १९६७ ला ते उभं राहिलं. पन्नास फूट उंच, गंजल्या रंगाचं पोलाद, लोकांनी तेव्हा यथेच्छ टिंगल केली, आज शहराची ओळख म्हणून तेच दाखवतात. भेट मिळालेल्या कलेलाही नियम लागतात बरं का, चांगल्या शहरांत भेट सुद्धा समितीपुढून जाते, कारण फुकट मिळालेलं शिल्प पुढची पन्नास वर्षं धुवायचं, रंगवायचं आणि विम्यात धरायचं काम शहराचंच.

आणि सगळ्यात वाईट मार्ग म्हणजे कला साध्या टेंडरमध्ये घालणं, सिमेंट आणि टाइल्ससारखी, सगळ्यात कमी दर भरेल त्याला काम. त्यातून फायबरचे डॉल्फिन येतात, अजून काय.

जाहिरातीत विषय कसा लिहिलाय यावर किती अवलंबून असतं बघा. दिल्लीच्या रिझर्व बँकेच्या दाराच्या दोन बाजूंना यक्ष आणि यक्षी आहेत, शिल्पकार रामकिंकर बैज यांची. ती शहराची नाही, बँकेची इमारत, पण उदाहरण चपखल आहे. मोठ्या सार्वजनिक इमारती बांधताना कलाकारांना काम द्या ही नेहरूंची सूचना, आणि बँकेने विषय ठरवला शेतीतून समृद्धी आणि उद्योगातून समृद्धी. यातून पोस्टरछाप शेतकरी आणि कामगार सहज आले असते. बैज यांनी त्याची यक्षी आणि यक्ष केले, कारण विषय इतपत मोकळा होता. पुढे मनासारखा दगड शोधण्यातच भरपूर वेळ गेला, काम १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुरं झालं आणि मग यक्षीच्या नग्नतेवरून थेट राज्यसभेत आक्षेप. म्हणजे आज तुमच्या लॉबीवरून जे चाललंय ते काही नवीन नाही.

आता समिती. साधारण पाच ते नऊ जण, त्यात एक-दोन कलाकार, एखादा क्युरेटर (प्रदर्शनं आखणारा), इमारतीचा आर्किटेक्ट, ज्या खात्याची इमारत आहे त्यांचा माणूस, आणि त्या भागातला एखादा रहिवासी. पालिकेचे कर्मचारी बसतात पण बहुतेक ठिकाणी त्यांना मत नसतं. माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त वजन पडतं ते खात्याच्या माणसाचं, कारण रोज त्या इमारतीत राहणार तो, आणि त्याने एकदा म्हटलं की आमची रांग तिथेच लागते, शिल्प मध्ये येईल, की विषय संपला. रहिवाशाचा आवाज सगळ्यात दबका असतो. कलेचे शब्द येत नाहीत म्हणून तो गप्प बसतो, आणि तो एकटाच असतो ज्याला माहीत असतं की त्या कोपऱ्यात संध्याकाळी पोरं सायकली लावतात.

समिती फक्त शिफारस करते. ती मग कला आयोगाकडे किंवा डिझाइन आयोगाकडे (शहराने यासाठी नेमलेलं मंडळ) जाते, रक्कम मोठी असेल तर पालिकेच्या सभागृहाकडेही, आणि करार झाल्यावर डिझाइन परत दोन-तीन टप्प्यांत मंजूर होतं, आधी कल्पना, मग तपशील, मग शेवटचे नकाशे. इथे कला कमी आणि इंजिनिअरिंग जास्त. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही, आग लागली तर मटेरियल पेटेल का, मूल चढलं तर काय, कडा लागतील का. एक नियम सांगतो जो अमेरिकेत मला नेहमी दिसतो: भिंतीवरचं काम जमिनीपासून २७ ते ८० इंच उंचीच्या पट्ट्यात चार इंचांपेक्षा जास्त पुढे आलेलं चालत नाही, कारण पांढरी काठी घेऊन चालणाऱ्या माणसाची काठी खाली फिरते, तिला ते लागत नाही आणि डोकं आपटतं. एका नियमाने अख्खं रिलीफ म्युरल, म्हणजे उठावाचं काम, चपटं होतं. लोक म्हणतात कलाकाराने आळस केला. नाही हो, त्याने नियम पाळला. मग देखभालीचा तज्ज्ञ विचारतो की हे पुसायचं कशाने, फुटलेली टाइल परत मिळेल का, बल्ब कोण बदलणार. चांगली कामं इथे पडतात आणि मला त्यात फारसं चुकीचं वाटत नाही, वर्षभरात बंद पडलेलं कारंजं कोणालाच नको असतं. कलाकाराला स्वतःसाठी यातून सुटतं साधारण १०-२० टक्के, बाकी फॅब्रिकेशन (काम प्रत्यक्ष घडवून घेणं), वाहतूक, क्रेन, विमा.

मंजूर झालं म्हणजे झालं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोत मॉस्कोनी सेंटर बांधलं, १९७८ ला ज्या महापौराचा खून झाला त्याच्या नावाने, आणि शिल्पकार रॉबर्ट आर्नेसनला त्यांचा अर्धपुतळा करायला दिला. १९८१ मध्ये पुतळा आला. हसरा चेहरा वगैरे ठीक, पण चौथऱ्यावर त्याने पिस्तूल, गोळ्या आणि खटल्यात (आरोपीच्या बचावात जंक फूडचा मुद्दा निघाला म्हणून) गाजलेला तो ट्विंकी केक असं सगळं कोरून ठेवलं होतं. वाद चेहऱ्याचा नव्हता, चौथऱ्याचा होता. शहराच्या कला आयोगाने शेवटी पुतळा नाकारला, आर्नेसनने पैसे परत केले. म्हणून आता करारांत बारीक लिहिलेलं असतं की मंजूर नकाशापेक्षा काहीही बदललं तर परत विचारायचं.

आता तुमचा खरा मुद्दा, आम्हाला का विचारलं नाही. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण म्हणजे न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझातलं, म्हणजे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांसमोरच्या चौकातलं, शिल्पकार रिचर्ड सेराचं टिल्टेड आर्क हे शिल्प. १२० फूट लांब आणि १२ फूट उंच पोलादाची वाकडी भिंत, १९८१ ला चौकाच्या मधोमध उभी केली. तज्ज्ञांनी निवडली होती, प्रक्रिया नियमाप्रमाणे झाली होती, फक्त तिथे रोज काम करणाऱ्यांना कोणी धड विचारलं नव्हतं. १९८५ ला जनसुनावणी झाली, १२२ जण ठेवा म्हणाले, ५८ जण काढा म्हणाले, आणि सुनावणी घेणाऱ्या समितीने ४ विरुद्ध १ मतांनी काढायची शिफारस केली! सेराचं म्हणणं होतं की हे याच जागेसाठी केलंय, हलवलं म्हणजे नष्ट केलं. १९८९ च्या मार्चमध्ये रात्रीतून कापून नेलं. मला विचाराल तर दोन्ही बाजू हरल्या. हीच सुनावणी १९७९ ला, काम द्यायच्या वेळी झाली असती तर कदाचित भिंत तिथे आलीच नसती, किंवा लोक तिला सरावले तरी असते.

काढता येतं का, तर येतं, पण तुम्हाला वाटतं तितकं सहज नाही. बऱ्याच शहरांत संग्रहातून काढायचं वेगळं धोरण असतं आणि काही वर्षं काढायचा अर्जच घेत नाहीत, डेन्व्हरमध्ये पाच वर्षं. तिथल्या विमानतळावरचा तो निळ्या घोड्याचा पुतळा, लाल चमकणारे डोळे, लोक दचकतात, तरी २००८ पासून उभा आहे. दुसरं म्हणजे कलाकाराचे हक्क. आपल्याकडे कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ आहे, म्हणजे काम विकल्यावरही ते बिघडवू नये म्हणायचा कलाकाराचा हक्क. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं प्रचंड म्युरल होतं, सरकारनेच करून घेतलेलं, १९७९ ला नूतनीकरणात ते उतरवून गोदामात टाकलं आणि त्याचे तुकडे झाले. सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की सरकारने विकत घेतलं म्हणून नष्ट करायचा हक्क मिळत नाही, उरलेले तुकडे परत द्या आणि पाच लाख नुकसानभरपाई द्या. त्यामुळे आता जो तो वकील करारात आधीच लिहून घेतो की गरज पडली तर काम हलवू, पण कलाकाराला आधी नोटीस देऊ आणि परत घ्यायची संधी देऊ.

मग तुम्ही काय करायचं? या शिल्पासाठी, लेखी विचारा की करारात हलवण्याबद्दल काय लिहिलंय आणि देखभाल कोणत्या खात्याकडे आहे. नुसतं आवडत नाही म्हणून कोणी हलवणार नाही. रस्ता अडतो, व्हीलचेअर वळत नाही, उजेड डोळ्यात येतो असं फोटोसकट दाखवलं तर त्याच लॉबीत दहा फूट सरकवायला मात्र कलाकारसुद्धा बऱ्याचदा तयार होतो, मी स्वतः झालोय. आणि पुढच्या इमारतीसाठी, बांधकामाचं बजेट मंजूर होतं त्या बैठकीचा अजेंडा बघा, तिथेच कलेचा हिस्सा लिहिलेला असतो, आणि तेव्हाच पत्र टाका की समितीत रहिवासी एक नको दोन हवेत आणि जाहिरातीचा मसुदा निघायच्या आधी वाचनालयात किंवा कुठेतरी लावा. मसुद्यावर चार ओळींच्या सूचना आल्या तरी त्या बदलतात, कारण तोवर कोणाचाच अहंकार त्यात गुंतलेला नसतो. मी ज्या समितीत होतो तिथे एका बाईंनी लिहिलं होतं की लॉबीत बसायला जागा नाही, तर कलाच बसता येईल अशी मागवा, आणि जाहिरातीत तेवढं एक वाक्य वाढलं. तिथे आता एक लांबलचक वळणदार सिरॅमिकचा बाक आहे (माझा नाही, मला त्यात अर्ज करता येत नव्हता) आणि त्याच्याबद्दल तक्रार एवढीच येते की दुपारी तो रिकामा मिळत नाही.