कन्नड अक्षरं ओळखता येतात, तरी शब्द पटकन वाचता येत नाहीत. मेंदू नवी लिपी वाचायला शिकतो तरी कसा?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. वर्षभर बेंगळुरूत राहून मुळाक्षरं पाठ झाली, तरी पाटी वाचून होईपर्यंत बस निघून जाते, असं का? मेंदूत प्रत्येक लिपीचा वेगळा कप्पा असतो का? आणि पहिलीतल्या मुलीला कन्नड, इंग्रजी, हिंदी एकदम झेपेल का? मी वाचनात अडखळणाऱ्या मुलांना शिकवते, त्या अनुभवावर आणि थोड्या वाचनावर सांगते.

अक्षर ओळखणं वेगळं आणि शब्द वाचणं वेगळं. 'कमळ' हा शब्द तुम्ही आता क, म, ळ असा जोडत नाही. मुरलेल्या वाचकाला तीन अक्षरी आणि पाच अक्षरी ओळखीच्या शब्दांना जवळजवळ सारखाच वेळ लागतो. नवख्याचा वेळ मात्र दर अक्षरामागे वाढत जातो. कन्नडमध्ये तुम्ही अजून तिथेच आहात.

वाचन मुरलंय का, हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. 1935 साली स्ट्रूप या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की रंगाचं नाव भलत्याच रंगाच्या शाईत लिहिलं तर शाईचा रंग सांगताना माणूस अडखळतो, कारण शब्द वाचायचा नाही म्हटलं तरी वाचला जातो. तुम्हाला आज 'केंपु' (म्हणजे लाल) हा शब्द कन्नड लिपीत हिरव्या शाईने लिहून दाखवला, तर तुम्ही बिनदिक्कत 'हिरवा' म्हणाल. ज्या दिवशी जीभ अडखळेल, त्या दिवशी पेढे वाटा.

आता कप्प्यांबद्दल. 1892 मध्ये देजेरीन या फ्रेंच डॉक्टरांनी एका रुग्णाची नोंद केली. त्याला बोलता येत होतं, लिहिताही येत होतं, पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नव्हतं. मेंदूच्या डाव्या बाजूला, मागे तळाशी, लिखित शब्द ओळखणारी एक जागा आहे. तिथवर नजरेची माहिती पोचली नाही तर असं होतं. गंमत म्हणजे फ्रेंच असो, चिनी असो वा हिब्रू, जागा जवळपास तीच. लिपी ही पाचेक हजार वर्षांपूर्वीची गोष्ट, तेव्हा मेंदूत तिच्यासाठी खास जागा जन्मतः असणं शक्यच नाही. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागातलाच एक तुकडा सरावाने या कामाला जुंपला जातो, असं फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहान यांचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं. त्यांच्या गटाने 2010 मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांचे मेंदू तपासले. लहानपणी शाळेचं तोंड न पाहिलेल्या पण मोठेपणी वाचायला शिकलेल्यांमध्येही ही जागा अक्षरांना प्रतिसाद देत होती. तेव्हा वयाची सबब चालणार नाही.

जागा एक असली तरी पुढची वाट लिपीप्रमाणे थोडी बदलते. जपानमध्ये पक्षाघातानंतर काहींची चित्रलिपीसारखी कांजी जाते आणि उच्चारांची काना ही लिपी शाबूत राहते, काहींचं उलट होतं.

तुमच्या बाबतीत बरीच वाट आधीच तयार आहे. काना-मात्रा, जोडाक्षर, 'क'मध्ये लपलेला 'अ' हे सगळं देवनागरीने शिकवलेलं आहेच. लिहिण्याचा क्रम एक आणि बोलण्याचा दुसरा, याचीही सवय आहे. पहिली वेलांटी आपण व्यंजनाआधी काढतो आणि उच्चारतो नंतर. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी 2002 मध्ये हिंदी वाचकांवर केलेल्या अभ्यासात असे शब्द वाचायला जास्त वेळ लागतो असं दिसलं. कन्नडचे आडमार्ग वेगळे. रफार अक्षराच्या डोक्यावर नसून त्याच्यानंतर, उजवीकडे येतो. 'मेजेस्टिक' या बसस्थानकाची पाटी नीट बघा: इकार 'स'ला लागलेला असतो आणि 'ट' खाली लोंबतो. डोळा अजून डावीकडून उजवीकडे सरळ जातोय, म्हणून तिथे अडकतो. शिवाय ऱ्हस्व ए-ओ आणि दीर्घ ए-ओ वेगळे, ही भानगड मराठीत नाहीच.

आणि वर्ष म्हणजे फार नव्हे. सोनाली नाग यांच्या 2007 च्या अभ्यासात कन्नड माध्यमाची मुलंही चौथीपर्यंत नवनवी अक्षररूपं पक्की करत होती. मुळाक्षरं पन्नासाच्या आत, पण मात्रा आणि खालची जोडणी धरली की रूपं काहीशे होतात. तुमची पाठ झाली आहेत ती पहिली पन्नास.

म्हणून कागुणित (त्यांची बाराखडी) घोकणं थांबवा. कानाला ओळखीचे शब्द डोळ्यांनी वाचा: जयनगर, मल्लेश्वर, मेजेस्टिक, दुकानांची नावं, किराण्याच्या पुड्यांवरचे शब्द. तोच शब्द पुनःपुन्हा, वेगवेगळ्या वळणांत दिसला पाहिजे. आणि हाताने लिहा. फ्रान्समधल्या एका प्रयोगात प्रौढांना बंगाली-गुजराती अक्षरांवर बेतलेली चिन्हं शिकवली, तेव्हा हाताने गिरवणाऱ्यांना ती कीबोर्डवर शिकणाऱ्यांपेक्षा जास्त पक्की लक्षात राहिली. अॅपवर बोट टेकवून हे होत नाही, माझं तरी मत असंच आहे.

मुलीबद्दल: तीन लिप्यांची भीती बाळगू नका. बी आणि डी उलटसुलट होणं या वयात नेहमीचंच. इंग्रजी मागे राहिली तरी लगेच घाबरू नका, तिचं स्पेलिंगच बेभरवशाचं आहे. 2003 च्या एका युरोपीय तुलनेत पहिल्या वर्षाअखेर फिनलंडची मुलं ओळखीचे 98 टक्के शब्द बरोबर वाचत होती, इंग्रजीत शिकणारी स्कॉटलंडची मुलं 34 टक्के. जपानमध्ये वाढलेल्या एका इंग्रजीभाषक मुलाची नोंद तर अशी आहे की त्याला इंग्रजीत डिस्लेक्सिया (वाचनातली मूळची अडचण) होता आणि जपानी तो उत्तम वाचायचा. पण दुसरी-तिसरीपर्यंत कन्नडही अडत राहिली, तर तपासून घ्या, आणि तपासणी फक्त इंग्रजीत करणाऱ्याकडे जाऊ नका. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' नावाची चाचणी तयार केली आहे, ती हिंदी, मराठी, कन्नडमध्येही आहे. शाळेच्या समुपदेशकांना तिच्याबद्दल विचारा.