जोर वाढतो, ऊर्जा थांबते

प्रश्न : एकसारखे दोन फर्मिऑन (इलेक्ट्रॉनसारखे कण) ऊर्जेच्या एकाच पातळीत बसत नाहीत, हे वाचलं आहे. पण दोन निरनिराळे कण एका सापळ्यात कोंडले आणि त्यांच्यातलं अपकर्षण वाढवत नेलं, तर ऊर्जाही वाढतच जाईल का? – एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, ती एका ठिकाणी येऊन थांबते. कुठे थांबते, ते वर्गात सांगताना मला आजही तितकाच आनंद होतो.

सापळा बोळासारखा अरुंद धरा. कण फक्त पुढे-मागे हलतात आणि एकाच जागी आले तरच एकमेकांना ढकलतात. ऊर्जेच्या पातळ्या ½, 1½, 2½ अशा; लागोपाठच्या दोन पातळ्यांमधलं अंतर म्हणजे 1. अपकर्षण नसेल तर दोघेही तळाला बसतात आणि ऊर्जा होते 1.

आता कागद घ्या. आडव्या अक्षावर दोन कणांमधलं अंतर, उभ्यावर तरंगफल, म्हणजे ज्याचा वर्ग केला की कण त्या अंतरावर सापडण्याची शक्यता मिळते ती राशी. सुरुवातीला शून्य अंतरावर उंचवटा आहे, म्हणजे कण एकत्र सापडू शकतात. अपकर्षण वाढेल तसा त्या उंचवट्यात खड्डा पडतो आणि शेवटी त्याचा तळ शून्याला टेकतो. कण एका जागी येतच नाहीत म्हटल्यावर अपकर्षण ढकलणार कुणाला? तिथे ऊर्जा 2 असते.

एकसारख्या दोन फर्मिऑनची बेरीज करून बघा : ½ + 1½ = 2! त्यांचा आलेखही तोच, फक्त अर्धी बाजू अक्षाखाली उलटलेली. वर्ग केला की दोन्ही तंतोतंत जुळतात. बोसॉनच्या (एकाच पातळीत कितीही बसू शकणाऱ्या कणांच्या) बाबतीत हा संबंध भौतिकशास्त्रज्ञ जिरार्दो यांनी 1960मध्येच दाखवला होता. लिथियम-6च्या मोजून दोन अणूंवर तो जर्मनीत हायडेलबर्गला तपासला गेला, 2012मध्ये. दोघांचे स्पिन (कणाचा फिरकीसारखा अंगभूत गुण) वेगळे, म्हणून ते निरनिराळे कण; अपकर्षण चुंबकीय क्षेत्रानं वाढवलेलं. सापळा एका बाजूला झुकवून अणू निसटायला किती वेळ लागतो ते मोजलं आणि त्यावरून ऊर्जा काढली. ती एकसारख्या दोन फर्मिऑनएवढीच निघाली.

तिसरा अणू आला की सममितीचं, म्हणजे कणांच्या जागा बदलल्यावर तरंगफल तसंच राहतं की चिन्ह बदलतं याचं, काम आणखी खुलतं. दोन ‘वर’ स्पिनचे, एक ‘खाली’. अपकर्षण अमर्याद असताना कुणी कुणाला ओलांडत नाही, म्हणून ‘खाली’वाला डावीकडे, मध्ये किंवा उजवीकडे. तिन्ही रचनांची ऊर्जा एकच, 4½. जोर किंचित कमी केला की त्या रचनांच्या मिश्रणातून तीन अवस्था वेगळ्या होतात : दोन खाली उतरतात, तिसरी मात्र 4½वरच राहते. तिच्यात कुठल्याही दोन अणूंच्या जागांची अदलाबदल केली की चिन्ह उलटतं, त्यामुळे अपकर्षणाला तिथे कधीच काही करता येत नाही.