गायीचे पैसे आणि वावराची वाटणी

प्रश्न : काका, आर्वी तालुक्यात आमचं वडिलोपार्जित 11 एकर वावर आहे, कापूस-तुरीचं. दोन मुलगे, एक मुलगी सासरी. धाकटा पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात जातो म्हणते. "ह्युंदाईच्या मालकानं बापाच्या गायीचे पैसे नेले, मी तं नुसते तिकिटाचे मागून राहिलो!" थोरला म्हणते, गेला तर वावरात हिस्सा नाही. काय करू? — एक शेतकरी

उत्तर : भाऊ, पोरानं वाचलं ते खरं आहे. ह्युंदाई ही कोरियातली कंपनी उभारणारा चुंग जू-युंग 1915 साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला, घरातला थोरला. त्याचं गाव आज उत्तर कोरियात आहे. बापानं गाय विकून ठेवलेले 70 वॉन (तिथलं चलन) घेऊन तो सोल शहरात पळाला. बापानं शोधून परत आणलं, तरी तो पुन्हा गेला. तांदळाच्या दुकानात राबला, इतका इमानानं की मालकानं दुकानच त्याच्या हाती दिलं. पुढे मोटारदुरुस्ती, 1947 साली बांधकामाची कंपनी, 1967 साली ह्युंदाई मोटर, मग उल्सानची जहाजगोदी. आणि 1998 च्या जूनमध्ये, 82 वर्षांचा असताना, ट्रकांत 500 गुरं भरून तो सीमेपलीकडे उत्तर कोरियात गेला. ऑक्टोबरात आणखी 501 नेली. एका गायीचं देणं त्यानं असं फेडलं! हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

पण तुमच्या कामाची गोष्ट त्यानंतरची आहे. एवढा कर्ता माणूस, पण गादी कोणाची हे त्यानं वेळेत ठरवलं नाही. मोंग-कू आणि मोंग-हन या दोन मुलांना एकाच ह्युंदाई समूहाचे सहअध्यक्ष करून ठेवलं. 2000 च्या मार्चमध्ये त्यानं धाकट्या मोंग-हनचं नाव जाहीर केलं, तोवर भाऊ हट्टाला पेटले होते. त्याच वर्षी मोंग-कू मोटार कंपनी घेऊन वेगळा झाला. 2001 च्या मार्चमध्ये बाप गेला.

तहसीलीसमोर दस्त लिहिण्यात माझा जन्म गेला. बाप गेल्यावर एकमेकांशी न बोलणारे भाऊ माझ्या टेबलाशी येत, तेव्हा कागद लिहिताना माझा हात जड व्हायचा. म्हणून कळकळीनं सांगतो, तुमच्या डोळ्यांदेखत वाटणी करा.

गाव सोडल्यानं वडिलोपार्जित वावरातला हिस्सा जात नाही, हे थोरल्याला समजावा. धाकट्याचा हिस्सा थोरल्यानं मक्त्यानं (भाड्यानं) कसावा, म्हणजे राबणाऱ्याच्या घामाचं मोल राहते आणि जाणाऱ्याचं वावरही. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली, सगळ्यांच्या संमतीनं, तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. मग फेरफार होऊन सातबारे वेगळे निघतात.

आणि तुमच्या पत्रात लेक "सासरी" एवढीच आहे. 2005 पासून तिचा हक्क भावांइतकाच आहे. धाकट्याला तिकिटाचे पैसे द्या, पण तो निघायच्या आधी लेकीला बोलावून तिघांना समोर बसवा. अर्जावर तिचीही सही लागेल.