हेडर फाइलमधला आकडा कोणी बदलायचा?

प्रश्न: ताई, आम्ही तिघं मिळून वजनकाट्याचं सॉफ्टवेअर करतो, सी++ मध्ये, विंडोजवर. व्हर्जन नंबर एका हेडर फाइलमध्ये (बाकीच्या कोड फायली जी आत ओढून घेतात ती) हाताने टाकायचा असतो आणि तो हमखास राहतो. परवा गिऱ्हाइकाचा फोन आला, पावतीवर टेअर वजन (रिकाम्या भांड्याचं) चुकतंय म्हणून, विचारलं अबाउटमध्ये काय दिसतंय, तर म्हणे १.४.२. आता १.४.२ नावाच्या आमच्याकडे चार एक्झी (तयार प्रोग्रॅमच्या फायली) आहेत आणि चारही वेगळ्या! कोड सगळा गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे, मग नंबर तिथूनच आपोआप घेता येईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: येईल की, आणि हाताने टाकणं आजच बंद करा. रिलीजला गिटमध्ये टॅग, म्हणजे नावाची खूण, लावायचा आणि बिल्डच्या, म्हणजे कोडची एक्झी बनवण्याच्या, आधी 'गिट डिस्क्राइब' चालवायचं, सोबत टॅग्ज, ऑल्वेज आणि डर्टी हे तीन ऑप्शन. उत्तर येतं असं काहीतरी: १.४.२-७-जी४०८३९१७-डर्टी. म्हणजे १.४.२ च्या टॅगनंतर सात कमिट, म्हणजे गिटमधल्या बदलांच्या नोंदी, झालेत, पुढचा 'जी' म्हणजे गिट, त्यापुढे कमिटच्या हॅशचे (त्या कमिटची लांबलचक ओळखखूण) सुरुवातीचे आकडे, आणि डर्टी म्हणजे कोणीतरी फाइल बदलून कमिट न करताच बिल्ड मारलाय. तुमच्या चारातल्या निदान दोन तरी अशाच असणार, पैज लावते. फक्त नवीन फाइल गिटमध्ये ॲडच केली नसेल तर ती डर्टीत धरत नाहीत, तेवढं लक्षात असू द्या.

आता हे एक्झीत घालायचं कसं, तर छोटी स्क्रिप्ट लिहा, ती एक व्हर्जन.सीपीपी तयार करेल, आत एकच स्ट्रिंग, म्हणजे वर आलेल्या उत्तराचा मजकूर. हेडरमध्ये नुसतं एक्स्टर्न (स्ट्रिंग दुसऱ्या फाइलमध्ये आहे एवढंच सांगणारी ओळ) ठेवा, आकडा नको, नाहीतर दर कमिटला हेडर बदलणार आणि तो जिथे जिथे इन्क्लूड केलाय ते सगळं परत कंपाइल होत बसणार. स्ट्रिंग तीच असेल तर फाइलला हात लावायचा नाही, हेही स्क्रिप्टमध्येच बघा. आणि ही फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींची यादी) टाका बरं का, कमिट करू नका, कारण कमिटचा हॅश त्याच्या आतल्या फायलींवरूनच निघतो, मग स्वतःचाच हॅश तो पोटात ठेवणार कसा?

उद्या बिल्ड सर्व्हरवर नेलात तर टॅग गायब झालेला दिसेल आणि नुसता हॅश येईल. गिटहब ॲक्शन्सचं (गिटहबची आपोआप बिल्ड करणारी सोय) चेकआउट, म्हणजे कोड उतरवून घेण्याची पायरी, मुळात एकच कमिट आणतं, फेच-डेप्थ शून्य करा, मग सगळा इतिहास येतो. यात माझी एक अख्खी दुपार गेलीये.

एक्झीच्या प्रॉपर्टीजमध्ये दिसणारा फाइल व्हर्जन मात्र चारच आकड्यांचा असतो, प्रत्येक ६५५३५ पर्यंत, तिथे हॅश मावत नाही. तिथे १.४.२.७ द्या आणि पूर्ण स्ट्रिंग प्रॉडक्ट व्हर्जनच्या मजकुरात. गो ही भाषा वापरणाऱ्यांची मजा आहे, २०२२ च्या १.१८ पासून तिथे कमिटचा हॅश बिल्डमध्ये आपोआपच जातो.

राहिलं ते गिऱ्हाईक. त्याच्याकडची एक्झी मागवून घ्या आणि तुमच्या चारांशी तिचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवून बघा, विंडोजवर सर्टयुटिल या कमांडने निघतो. चारातली कुठलीच जुळली नाही तर पाचवी पण आहे म्हणायची.