आधी नोंद, मग पैसे

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा संदेश काल रात्री दोनदा वाचला. शब्द जागोजागी तुटलेले होते, तेव्हा तो डाव्या हाताने लिहिला असणार हे लक्षात आले आणि बराच वेळ झोप लागली नाही.

धीर धर, सगळे ठीक होईल, असे मी लिहिणार नाही. ते तुझ्या खोलीतल्या मित्रांनी एव्हाना पुष्कळदा सांगितले असेल. तुझा प्रश्न सरळ आहे. पत्रा दाबायच्या प्रेसवर हात सापडून एकोणीस दिवस झाले, उजव्या तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर गेले. ठेकेदाराने खासगी दवाखान्याचे बिल भरले, वर दहा हजार रोख दिले, आणि आता तो म्हणतो की सोमवारपासून स्टोअरमध्ये बसून हलके काम कर, पगार पूर्ण देतो, फक्त ईएसआयच्या, म्हणजे सरकारी कामगार विम्याच्या, भानगडीत पडू नकोस. गाडीचा हप्ता थकला आहे, गावी पैसे पाठवायचे आहेत, म्हणून हो म्हणावे का, असे तू विचारतोस.

म्हणू नकोस. आधी अपघाताची नोंद होऊ दे, पैशाचे त्यानंतर बघू.

तू लिहितोस, "काका, मला प्रकरण वाढवायचे नाही." हे वाक्य वाचून मला राग आला, आणि तो लपवण्याचे कारण नाही. कोणते प्रकरण? तुझ्या पगारपत्रकावर दरमहा १२० रुपये कापले जातात. सोळा हजारांच्या पगारावर पाऊण टक्का तुझा आणि सव्वातीन टक्के, म्हणजे ५२० रुपये, मालकाच्या बाजूचे. हे पैसे नेमके या दिवसासाठीच भरले जातात. जे तू आधीच भरलेले आहेस ते मागण्याला प्रकरण वाढवणे म्हणत नाहीत.

मी हे इतक्या हट्टाने का सांगतो, ते आता सांगतो. १९९४ साली भोसरीतल्या एका शेडमध्ये मी प्रेस चालवत होतो. हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दाबायची दोन बटणे त्या मशीनला होती, पण एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायमचे दाबून ठेवलेले असे, कारण त्याशिवाय तासाचे टार्गेट पूर्ण होत नसे. माझा हात सापडला तेव्हा सुपरवायझरने मशीन पुसायच्या वेस्टमध्ये तो गुंडाळला. ऑइलचा वास असलेले ते सुती धागे जखमेत असे चिकटले की नर्सला नंतर एकेक धागा चिमट्याने ओढून काढावा लागला. टेम्पो ईएसआयच्या दवाखान्यावरून गेला आणि पुढच्या खासगी दवाखान्यात थांबला. तिसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पाकीट घेऊन आला. त्यात तीन हजार रुपये होते, माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून जास्त. सोबत एक कोरा कागद होता. उजवा हात बँडेजमध्ये होता, म्हणून त्याने माझा डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवला आणि कागदावर उमटवून घेतला. आयटीआय झालेल्या, वर्तमानपत्र रोज पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या माणसाचा तो अंगठा होता.

पाचव्या आठवड्यात मी कामावर गेलो. टाके सुकले होते, पण बोटे वळत नव्हती. व्यायामासाठी रोज दवाखान्यात जायला हवे होते, ते पहिल्या पाळीत जमेना, म्हणून सोडले. आजही माझी मूठ पूर्ण मिटत नाही आणि शर्टाचे गळ्याजवळचे बटण पत्नी लावून देते. पगार दोन महिने आला, पुढे ऑर्डर कमी झाल्याचे सांगून मला घरी बसवले. मग मी चौकशीला लागलो, तेव्हा कळले की कारखान्याच्या अपघात नोंदवहीत त्या तारखेला काहीच लिहिलेले नव्हते. दवाखान्याच्या केसपेपरवर दुखापतीचे कारण "घरी पडून" असे होते. बोटे गेली होती, पण कागदावर अपघात झालेलाच नव्हता.

तू म्हणशील, काकांनी तेव्हाच तक्रार का केली नाही. करता आली असती. साक्षीदार होते, महिनेही फार उलटले नव्हते. पण त्याच मालकाने माझ्या धाकट्या भावाला दुसऱ्या शेडमध्ये कामाला लावले होते, बहिणीचे लग्न ठरले होते, आणि घरात खाणारी सात माणसे होती. त्या घरात, त्या वर्षी, दुसरे काय करता आले असते, हे मी अजूनही स्वतःला विचारतो, आणि दर वेळी उत्तर येते की भावाची नोकरी वाचवली ते बरोबरच केले. तो निर्णय मी आजही चूक म्हणायला तयार नाही. चूक त्याआधीची आहे, पाकीट हातात घेतले त्या दिवसाची. तीन हजारांकडे बघताना मी नोंदवहीकडे बघितले नाही, आणि पुढचे सगळे पेच त्यातून आले. नोंद झाली असती तर भावाची नोकरी आणि माझा हक्क एकमेकांसमोर उभेच राहिले नसते.

आता तुझा हिशेब, तूच पाठवलेला. खोलीचे २,५००, मेसचे ३,०००, गाडीचा हप्ता ३,४००, गावी ५,०००. एकूण १३,९००. कामावर झालेल्या दुखापतीमुळे काम बंद असेल तर ईएसआयकडून रोजच्या सरासरी वेतनाच्या ९० टक्के भरपाई मिळते, आणि डॉक्टर तुला कामासाठी अयोग्य ठरवतात तोवर मिळत राहते. सोळा हजारांवर ते साधारण १४,४०० होतात. आजारपणाच्या लाभाला असते तशी ९१ दिवसांची मर्यादा याला नाही, आणि आधी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही. म्हणजे ज्या खर्चासाठी तू बोटे बरी होण्याआधी स्टोअरमध्ये जाऊन बसणार आहेस, तो खर्च न जाता भागतो. उलट ज्या दिवशी तू हजेरी लावून पगार घेशील, त्या दिवसाची ही भरपाई मिळणार नाही. हलके काम देण्यात ठेकेदाराचा हिशेब काय आहे, तो आता तुझ्या लक्षात यावा.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. काम सुरू करण्याचा शेवटचा दाखला मिळाल्यावर कायमच्या अपंगत्वासाठी मेडिकल बोर्डापुढे जायचे असते. कायद्याच्या परिशिष्टात बोटांचे पेरापेराने टक्के लावून दिलेले आहेत: तर्जनीच्या दोन पेरांना ११, मधल्या बोटाच्या एका पेराला ७. बोर्डाने तेवढेच धरले तर वरच्या १४,४०० चे १८ टक्के, म्हणजे आजच्या तुझ्या वेतनावर महिन्याला अडीच हजारांच्या आसपास, जन्मभर, नोकरी चालू असली तरी. तू तेवीस वर्षांचा आहेस. दहा हजारांच्या पाकिटाशेजारी हा आकडा ठेवून बघ. आणि हे सगळे एका ओळीवर अवलंबून आहे: अमुक तारखेला, अमुक वेळी, कामावर असताना, मशीनवर. ती ओळ कुठेतरी लिहिलेली हवी.

ठेकेदाराने नकार दिला तरी ती लिहिता येते. अपघाताची सूचना कामगार स्वतः देऊ शकतो, तोंडी किंवा लेखी, आणि त्याच्या वतीने दुसराही देऊ शकतो. ती मिळाल्यावर अहवाल पाठवणे मालकाला बंधनकारक आहे, आणि कंत्राटी कामगाराच्या बाबतीत मूळ कंपनीही हात वर करू शकत नाही. भरपाई चालू असताना तुला कामावरून काढता येत नाही. एकोणीस दिवस उशीर झाला आहे हे खरे, म्हणून आता विसावा दिवस वाया घालवू नकोस. ठेकेदाराचे मोबाईलवरचे संदेश पुसू नकोस. "दवाखान्याचे मी बघतो" हे त्याने त्याच तारखेला लिहिलेले आहे, याहून चांगला पुरावा नाही. केसपेपरवर दुखापतीचे कारण काय लिहिले आहे, ते आजच वाच. तुझ्यासोबत पाळीत असलेल्या दोघांची नावे लिहून ठेव.

एका गोष्टीवर मला तुझ्याशी जास्त कठोर व्हावे लागेल. तू घरी सांगितलेले नाहीस. ओव्हरटाइम चालू आहे असे आईला सांगतोस आणि तिकडून बहिणीच्या फीची आठवण आली की रात्रभर जागतोस. हीसुद्धा न केलेली नोंदच आहे. वडिलांना माहीत नाही तोवर ते तुला पूर्ण पगाराचा मुलगा धरूनच उसनवारी करणार आणि तो बोजा तुझ्यावर येणार. सोयाबीनचे पैसे आले की फी भरता येईल, कॉलेजला मुदत मागता येईल, पण हे त्यांनी ठरवायचे तर त्यांना कळायला हवे. फोनवर जमणार नसेल तर मी बोलतो. आज बोलतो.

गाडीच्या हप्त्याचे एवढेच सांगतो: पुढचा हप्ता परत जाण्याआधी कर्ज दिलेल्या शाखेत जा, डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत जोडून लेखी अर्ज दे आणि पोच घे. तोंडी बोललेले साहेबाची बदली झाली की संपते. मोबाईलवरून पाच मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाला हात लावू नकोस. भरपाईचे पहिले पैसे जमा व्हायला वेळ लागेल, तोवर मेसचे आणि खोलीचे मी भरतो. संकोच करू नकोस, पण वहीत तारीख आणि रक्कम लिहून ठेव, मीही ठेवतो.

आणि हात. डॉक्टर म्हणतील त्या दिवसापासून बोटे हलवायला सुरुवात कर, दुखले तरी. कणकेचा गोळा दाबायला सांगतील, मेणाचा शेक देतील. कंटाळा येईल, कारण दिवसेंदिवस फरक दिसत नाही. माझा हात तू बघितलेला आहेस.

बुधवारी सकाळी नऊ वाजता चिंचवडला मोहननगरच्या ईएसआय रुग्णालयाच्या फाटकाशी ये. तिथून कोणत्या खिडकीवर जायचे ते मला माहीत आहे. गेल्या काही वर्षांत तुझ्यासारखी बरीच मुले घेऊन गेलो आहे. येताना आधार कार्ड, विमा क्रमांकाचे कार्ड, बँकेचे पासबुक, शेवटच्या तीन महिन्यांची पगारपत्रके आणि दवाखान्याचा प्रत्येक कागद, फाटलेला असला तरी, घेऊन ये. ठेकेदाराने मधल्या काळात कसलाही कागद पुढे केला तर "काकांना दाखवतो" एवढेच म्हण आणि त्याचा फोटो काढून मला पाठव. तोवर रोज रात्री वहीचे एक पान डाव्या हाताने सही करण्यात घालव. कुणी शाईचे पॅड पुढे केले तर ते बाजूला सारता यायला हवे.

तुझा,
काका